सौधात यंदा तारांचं पण बोला : सीमाभागातल्या आमदार साहेबांना खुलं पत्र

खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी, अथणी, हुक्केरी, तिकडं हल्याळ, जोयडा, कारवार, सगळीकडच्या आमदार साहेबांना नमस्कार. पक्ष कुठलाही असूदे, करंट काय पक्ष बघून जात नाही, म्हणून एकच पत्र सगळ्यांना लिहितोय.

डिसेंबरात बेळगावजवळ हलग्याला सुवर्ण सौधात कर्नाटक विधानसभेचं अधिवेशन भरतं. तवा ऊस निघतो, म्हादईच्या पाण्याचं भांडण निघतं, सीमाप्रश्न तर निघतोच निघतो, आणि विजेचा विषय आला की गाडी फिरून फिरून फुकट युनिटावर येऊन थांबते. कुणाला किती युनिट माफ, कुणाचं बिल झिरो, कुणाच्या सरकारनं जास्त दिलं. घरगुती फुकट विजेची गृहज्योती योजना १ ऑगस्ट २०२३ पासनं सुरू झाली, २०० युनिटच्या आत आणि आधीच्या वर्षाच्या सरासरीवर दहा टक्के येवढं माफ, आमच्या घरात पण मिळतंय, त्याच्याबद्दल माझं काय भांडण नाही. पण फुकट युनिट ज्या तारेतनं यायचंय ती तारच खाली पडली असेल तर झिरो बिलाला काय करायचं सांगा की. बिल झिरो आणि करंट पण झिरो, असं खानापूरच्या पश्चिमेला पावसाळ्यात होतंय बघा.

मला तारांवर बोलायचंय, म्हणजे लाईनी, टीसी (गावातले ट्रान्सफॉर्मर), सबस्टेशन आणि ते सांभाळणारी माणसं. ह्याच्यावर मत मिळत नाही हे मलाही कळतंय. नवीन सबस्टेशनचं उद्घाटन करायला फीत असते, जम्पर (पोलवर दोन तारा जोडणारा तुकडा) आवळला म्हणून कोण फीत कापणार.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. म्हणजे खरं बघायला गेलं तर व्होल्टेज जेवढं खराब तेवढा माझा धंदा जोरात, तरी हे लिहितोय म्हणजे प्रकरण कुठवर गेलंय ते समजून घ्या. दुकानात येणाऱ्या मोटरी बघितल्या की मोटर कशानं जळलीय ते कॉइल बघूनच कळतं. तिन्ही फेजच्या कॉइली सारख्या काळ्या झालेल्या असतील तर बहुतेक करून कमी व्होल्टेजवर ओढत ओढत चाललेली मोटर, नाहीतर पंपच जाम. एक फेज शाबूत आणि दोन फेज कोळसा, किंवा उलट, तर कुठंतरी एक फेज गेलेली आणि मोटर तशीच हुं हुं करत राहिलेली. ४१५ व्होल्टची मोटर, शेताच्या टोकाला मीटर लावला तर ३२०-३३० दाखवतं. पाणी तर तेवढंच उचलायचं असतं, मग व्होल्टेज कमी पडलं की मोटर जास्त अँपिअर ओढते, जास्त अँपिअर म्हणजे जास्त गरम, वार्निश उडतं, संपलं. शेतकरी बिचारा हजारो रुपये माझ्याकडं मोजतो आणि परत वर म्हणतो करंट फुकट आहे. फुकट कुठला ओ, मीटरचं बिल केईबीकडं न जाता वाइंडरकडं आलं येवढाच फरक! (केईबी म्हणजे जुनं कर्नाटक वीज मंडळ, ते मोडून १९९९ साली केपीटीसीएल झाली, मोठ्या लाईनींची कंपनी, २००२ साली वितरण कंपन्या वेगळ्या झाल्या, पण आमच्याकडं अजून सगळे केईबीच म्हणतात, मी पण.)

आता तुम्ही म्हणाल वीजच कमी आहे त्याला काय करणार. तर ते तसं नाही, आणि हाच माझा मुद्दा आहे, जरा सविस्तर सांगतो.

आपला भाग विजेच्या बाबतीत गरीब नाही. १८८७ साली गोकाकच्या धबधब्यावर वीज तयार झाली, आपल्या अख्ख्या देशात त्याच्या आधी कुठं झाली नव्हती असं गोकाकवाले अजून अभिमानानं सांगतात. इकडं जोयड्यात सुपा धरण, खाली नागझरीचं पॉवर हाऊस, त्याच्या पुढं कैगा, २२० मेगावॉटची चार युनिटं म्हणजे ८८० मेगावॉट. हिडकल धरणावर वीज, सौंदत्तीच्या माळावर पवनचक्क्या, आणि साखर कारखाने तर विचारू नका, चोथ्यावर वीज करून ग्रीडला विकतात. मोठ्या लाईनी पण आपल्याच डोक्यावरनं जातात. विजापूरकडच्या कुडगीहून कोल्हापूरला गेलेली मोठी लाईन बघा, चिकोडीवरनं कोल्हापूरला जाणारी २२० केव्ही (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) बघा, अंबेवाडीवरनं गोव्याला उतरणारी बघा. दक्षिणेचं ग्रीड बाकी देशाला जोडलं गेलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर लाईनीवरनं, म्हणजे ते पण कर्नाटक-महाराष्ट्राच्या सीमेवरच. सीमेवर माणसं भांडतात, पन्नास हर्ट्झ इकडं पण तेच आणि तिकडं पण तेच.

२०२३ च्या ऑक्टोबरात पाऊस नव्हता, मागणी वाढली, शेतीची सात तासाची थ्री फेज पाचावर आली, ती खरोखरची टंचाई होती, ते मान्य. पण ते एक वर्ष. एरवी राज्यात वीज आहे, ग्रीडमध्ये आहे, डोक्यावरच्या टॉवरात आहे, आणि खालच्या गावात नाही. हायवे चार पदरी झाला आणि हायवेपासनं गावापर्यंत चिखलाची पाणंद, तसं झालंय हे.

नेमकं अडतंय कुठं ते सांगतो. मोठ्या लाईनी ४०० आणि २२० केव्हीच्या, त्यातनं आपल्या उत्तर कर्नाटकात ११० केव्ही, इथवर केपीटीसीएलचं काम. पुढं ३३, मग ११, मग गावातला टीसी, मग घर. जेवढं व्होल्टेज जास्त तेवढी तारेत वीज कमी मरते, हे आयटीआयला पहिल्या वर्षी शिकवतात. तेवढीच वीज ३३ च्या ऐवजी ११ केव्हीवर न्यायची म्हटली की अँपिअर तिप्पट, आणि तारेत गरम होऊन वाया जाणारी वीज तिपटीचा वर्ग म्हणजे नऊपट. त्यामुळं सबस्टेशन लांब आणि ११ केव्हीचा फीडर, म्हणजे सबस्टेशनातनं गावांकडं जाणारी लाईन, मारुतीच्या शेपटीसारखा वाढवत वाढवत नेलेला असला की वाटेतच वीज मरते आणि टोकाच्या गावाला उरलंसुरलं मिळतं. वर्षानुवर्षं आपल्याकडं हेच झालंय, नवीन वाडी आली, जोडा फीडरला, नवीन बोअर पडलं, जोडा फीडरला, तार तीच जुनी बारीक. त्याला इलाज नवीन वीज केंद्र हा नाही, मधे एक छोटं ३३/११ चं सबस्टेशन बसवलं आणि लांबलचक फीडर दोन तुकड्यात तोडला की निम्म्याहून जास्त दुखणं जातं.

दुसरी गोष्ट, बऱ्याच ठिकाणी सबस्टेशनला वीज येते ती एकाच लाईनीवरनं. ती गेली की अख्खा पट्टा गेला. मोठ्या ग्रीडमध्ये नियम असतो, कुठलीही एक लाईन किंवा एक ट्रान्सफॉर्मर गेला तरी बाकीच्यांनी भार सोसायचा आणि कुणाचा करंट जायचा नाही. २२० ला हे पाळायचं आणि ३३ ला देवाच्या भरवशावर सोडायचं असं का? दुसऱ्या बाजूनं एक जोड दिली, रिंग केली, की एका बाजूला झाड पडलं तरी दुसऱ्या बाजूनं चालतं.

आणि तिसरी म्हणजे मेंटेनन्स, जी सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. कणकुंबी, आमगाव, जांबोटी, हेम्मडगा, तळेवाडी, हा सगळा पट्टा राज्यातल्या सगळ्यात जास्त पावसाच्या जागांपैकी, वर भीमगड अभयारण्य. जंगलात उघडी तार ओढलीय, जूनमध्ये वारं सुटलं की फांदी लागते, फीडर ट्रिप होतो म्हणजे आपोआप बंद पडतो, मग लाईनमन पावसात, जळवा झाडत, हातात काठी आणि टॉर्च, पोल पोल बघत जातो फॉल्ट कुठं आहे म्हणून. जंगलात मोबाईलला रेंज नाही, सबस्टेशनला फोन करून लाईन क्लियर, म्हणजे लाईन बंद केल्याची खात्री, घ्यायचं म्हटलं तरी डोंगर चढायला लागतो. तो माणूस रात्री पोलवर चढतोय आणि गावातली पोरं व्हॉट्सॲपवर त्यालाच शिव्या घालतायत, हे बरोबर नाही. त्याच्याकडं किती गावं आहेत आणि त्याच्या सेक्शनला किती पदं रिकामी आहेत हे विचारायचं काम तुमचं आहे, पोरांचं नाही.

ह्याच्यावर उपाय नाहीत असं पण नाही. जंगलात उघड्या तारेच्या ऐवजी कव्हर असलेली तार किंवा एबी केबल (कव्हरच्या तारा एकत्र पिळलेली) टाकायची, फांदी घासली तरी ट्रिप होत नाही आणि जनावर पण मरत नाही. फीडरवर मधे मधे फॉल्ट दाखवणारे इंडिकेटर लावायचे, दिवा लागलेला दिसला की फॉल्ट त्याच्या पुढं, रात्रभर चालायला नको. आपोआप परत जोडणारा स्विच बसवायचा, फांदी लागून गेली तर काही सेकंदात लाईन परत उभी. हे काय चंद्रावरचं तंत्रज्ञान नाही, शहरात बसवलंय. आणि ह्याच्या पण आधी, मे महिन्यात झाडं छाटायची, फुटके पिन इन्सुलेटर बदलायचे, जम्पर आवळायचे, टीसीच्या अर्थिंगला पाणी घालायचं, तेल तपासायचं. सबस्टेशनातल्या मोठ्या ट्रान्सफॉर्मरला एक काचेचं भांडं लटकत असतं, त्यात सिलिका जेलचे खडे असतात, निळे असले की ठीक, गुलाबी झाले म्हणजे दमट हवा आत चाललीय, खडे बदलायचे नाहीतर नंतर ट्रान्सफॉर्मर बदलायचा. साहेब, एकदा मतदारसंघातल्या सबस्टेशनला जाऊन त्या भांड्याचा रंग बघून या. कुणाला विचारायला नको, अधिकाऱ्याची वाट बघायला नको, रंग तर सगळ्यांना कळतो.

खानापूरच्या जंगलाचा विषय निघालाच म्हणून मधेच सांगतो. गोव्यासाठी धारवाडजवळच्या नरेंद्र स्टेशनातनं गोव्यातल्या शेल्डेला जाणारी ४०० केव्हीची लाईन कित्येक वर्षं अडकून पडली. गोव्याच्या बाजूला मोल्याच्या जंगलातनं नवी वाट काढायला विरोध झाला आणि २०२२ साली सुप्रीम कोर्टानं असलेल्या २२० केव्ही लाईनीच्या पट्ट्यातनंच न्यायचं हे धरलं. आपल्या बाजूला झाडं किती जाणार ह्याच्यावर वाद झाला, आणि म्हादईमुळं त्यात राजकारण पण घुसलं. माझं मत विचाराल तर जुन्या पट्ट्यातनं आणि जुन्या टॉवरवरनं जेवढं जास्त नेता येईल तेवढं न्या. आता जास्त तापमान सोसणाऱ्या नवीन तारा मिळतात, त्याच टॉवरवर जुनी तार काढून ती ओढली की जवळजवळ दुप्पट वीज जाते, नवीन जमीन नको, नवीन तोड नको. तार महाग पडते हे खरं, पण शेतकऱ्याशी कोर्टात दहा वर्षं भांडण्यापेक्षा स्वस्तच पडेल.

आणि जिथं टॉवर उभारायलाच लागणार तिथं शेतकऱ्याला पैसे नीट द्या की. जून २०२४ मध्ये केंद्रानं सांगितलं, टॉवरच्या पायाच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या २०० टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला ३० टक्के. आधी २०१५ च्या हिशोबात हे ८५ आणि १५ होतं. पण राज्यानं हे स्वीकारून ऑर्डर काढायला लागते, आणि शेतकऱ्याला रेट कुठला लागू आहे हे टॉवरचा खड्डा मारायच्या आधी कळायला पाहिजे. एकदा खड्डा मारला की मग पोलीस, मग केस, मग लाईन दोन वर्षं लेट, आणि तोवर खालचं सबस्टेशन ओव्हरलोडवर.

निपाणी-चिकोडीकडच्या साहेबांना वेगळं सांगायला पाहिजे. वेदगंगा, दूधगंगा, कृष्णा, ऑगस्ट २०१९ चा पूर आणि परत जुलै २०२१ चा. नदीकाठचे टीसी पाण्यात, पोल आडवे, पाणी उतरलं तरी करंट यायला किती दिवस लागले हे सदलगा, यडूर, कल्लोळ भागातली माणसं सांगतील. पुराची रेषा कुठवर आली हे आता सगळ्यांना माहीत आहे, भिंतीवर खुणा आहेत. मग नवीन टीसी बसवताना, सबस्टेशनचा कंट्रोल रूम बांधताना त्या खुणेच्या वर चौथरा घ्यायला अडचण काय? पूर आला की पाहणी दौरा, पूर गेला की त्याच उंचीवर तोच टीसी. ह्याच्यात माझ्यासारख्याचा फायदा आहे, बुडालेल्या मोटरी सगळ्या दुकानातच येतात.

बेळगावात उद्यमबाग, मच्छे, ऑटोनगरच्या फाउंड्रीवाल्यांचं थोडक्यात सांगतो कारण त्यांचं ते तुमच्यापर्यंत पोचवतात, त्यांची असोसिएशन आहे. इंडक्शन फर्नेसमध्ये लोखंड वितळलेलं असताना करंट गेला आणि वेळेत आला नाही तर रस भट्टीतच गोठायला लागतो, भट्टीचं अस्तर जातं, पूर्ण हीट, म्हणजे भट्टीभर माल, वाया. ती नुकसानी सबसिडीनं भरून येत नाही. वडगाव, शहापूर, खासबागच्या मागवाल्यांचं पण तसंच, मागाला वीज सवलतीत मिळते पण साडीवर मधेच आडवी पट्टी पडली की ती साडी सेकंडमध्ये.

आता पैशाचं. २०२५-२६ च्या बजेटात गृहज्योतीला दहा हजार कोटींच्या वर आणि शेतीच्या आयपी सेटला (पंपांना) सोळा हजार कोटींच्या आसपास ठेवलेत. दहा एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट आहे ती चालू राहूदे, ऊस-भाजी पिकवणाऱ्याला ती पाहिजेच. पण हे पैसे सरकारनं वितरण कंपनीला वेळेवर द्यायचे असतात, आणि ते लांबले की कंपनी काय करते? वीज विकत घ्यायचे पैसे तर द्यायलाच लागतात, पगार द्यायला लागतो, कापता येतो तो मेंटेनन्स. झाडं पुढच्या वर्षी छाटू, तेल पुढच्या वर्षी बदलू. वर मार्च २०२५ मध्ये वीज नियामक आयोगानं पेन्शन आणि ग्रॅच्युइटीचे म्हणून युनिटला ३६ पैसे ग्राहकावर टाकले, पुढच्या दोन वर्षाला ३५ आणि ३४. म्हणजे एका खिशात घातलं आणि दुसऱ्या खिशातनं काढलं. स्वस्त वीज म्हणजे फुकट युनिट असं जे डोक्यात बसलंय ना, ते तुम्हीच बसवलंय साहेब, तुम्ही म्हणजे सगळ्या पक्षांनी. वाटेत मरणारी वीज वाचवली, जळणारे टीसी वाचवले, तर दर आपोआप खाली येतो, आणि तो सगळ्यांना येतो, २०० युनिटच्या वरच्यांना पण.

दराची सुनावणी आयोग दरवेळी लावतो, जाहीर असते, कोणीही हरकत घालू शकतो. तिथं फाउंड्रीवाले जातात, शेतकरी संघटना जातात, एखादा रिटायर्ड इंजिनियर फायली घेऊन जातो. तुमच्यापैकी किती जण हरकत घालतात? कंपनी तिथं लिहून देते की दुरुस्तीवर इतके खर्च करणार, त्यातले मागच्या वर्षी खरंच किती झाले हे त्याच कागदात असतं. तो कागद सौधात वाचून दाखवला तरी निम्मं अधिवेशन सार्थकी लागेल.

जवळचं उदाहरण पाहिजे तर हुक्केरी आहे. १९६९ साली हुक्केरीला विजेची सहकारी संस्था झाली, देशात पहिल्यांदा अशा पाच केल्या त्यातली ती एक, महाराष्ट्रातली मुळा-प्रवरा त्याच पाचातली. मुळा-प्रवराचं लायसन २०११ ला गेलं, हुक्केरी अजून चालू आहे. तिथं सगळं गोड आहे असं मी म्हणत नाही, पण मेंबर हाच ग्राहक आहे, टीसी गेला तर डायरेक्टरच्या दारात जाता येतं. आणि त्या संस्थेच्या निवडणुकीला मोठमोठे पुढारी कसे उतरतात हे सगळ्या जिल्ह्यानं बघितलंय, म्हणजे तारांना किंमत आहे हे तुम्हाला माहीत आहे, फक्त विधानसभेत विसरायला होतंय.

आमच्या लोकांचं पण सांगतो, एका बाजूचं नको. ६३ केव्हीएच्या टीसीवर पाच एचपीच्या दहा-अकरा मोटरी चालतात, त्याच्यावर सतरा-अठरा लावल्यात, निम्म्या आकड्यावर. प्रत्येकाला ऑटो स्टार्टर पाहिजे, रात्री थ्री फेज आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, टीसीचे फ्यूज जातात, फ्यूजच्या जागी जाड तार घालतात आणि मग टीसीच जातो. सिंगल फेज असताना कपॅसिटर लावून थ्री फेजची मोटर पळवतात, एका फेजवर सगळा भार. हे गावात बसून कोणीतरी सांगायला पाहिजे, लाईनमननं सांगितलं तर मार खाईल, तुम्ही सांगितलं तर ऐकतील. मतं जातील म्हणून तुम्ही सांगत नाही. टीसी जळला की ग्रामीण भागात ७२ तासात आणि शहरात २४ तासात बदलून द्यायचा नियम आहे, तो पाळला गेला का हे विचारायला मग आमचं तोंड पण उघडं राहील.

तर यंदा सभागृहात येवढं विचारा. तुमच्या तालुक्यातला प्रत्येक ११ केव्ही फीडर किती किलोमीटर लांब आहे आणि टोकाला व्होल्टेज किती. कुठल्या सबस्टेशनला एकच लाईन आहे. मागच्या वर्षी किती टीसी जळले आणि त्यातले किती ७२ तासात बदलले. लाईनमनची किती पदं रिकामी. मेंटेनन्सला मंजूर किती, खर्च किती. जंगलातल्या फीडरला कव्हर तार कधी. उत्तरं लेखी घ्या. आणि करंट कधी जाणार, लाईनीचं काम कधी, तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, असल्या सूचना ज्या भागात मराठी माणसं पंधरा टक्क्यांच्या वर आहेत तिथं कन्नडबरोबर मराठीत पण लावा, भाषिक अल्पसंख्याकांसाठी तसं ठरलेलंच आहे, आणि हा जीवाचा प्रश्न आहे, ह्याच्यात तरी राजकारण नको.

मिळालेली उत्तरं तुमच्या फेसबुक पेजवर टाका. आमच्या पट्ट्यातल्या फीडरची लांबी आणि टोकाचं व्होल्टेज काय लिहून आलंय ते मी स्वतः मीटर घेऊन जाऊन बघून येईन आणि खाली कमेंटमध्ये फोटो टाकीन.

आपला,
एक मोटर वाइंडर, खानापूर तालुका